फटफटी इतकी ओरडते का?

मोटारसायकल आपल्याकडे आली तेव्हा तिला नाव शोधण्यासाठी मराठी माणूस कोशकारांकडे गेला नाही. त्याने तिचा आवाज ऐकला आणि नाव ठेवले – फटफटी. आगगाडीला तिच्या पोटातल्या आगीवरून नाव मिळाले, या दोन चाकांच्या बयेला मात्र तिच्या बोलण्यावरून मिळाले. आणि ते बोलणेही तोंडाने नव्हे, शेपटीने. समोर दिवा, मध्ये टाकी, आणि सारे वक्तृत्व मागच्या नळीतून!

मधल्या काळात हे नाव मागे पडले होते. स्कूटर आल्या, शिवणयंत्रासारख्या गुणगुणणाऱ्या शंभर सी. सी.च्या गाड्या आल्या, आणि 'फटफटी' हा शब्द आजोबांच्या तोंडी तेवढा उरला. आता गेली काही वर्षे तो सव्याज परत आला आहे. रात्री साडेदहाला जेवणे आटोपून घर निजानीज करीत असावे आणि गल्लीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खिडक्यांची तावदाने हादरवीत एक बुलेट निघून जावी, हा अनुभव नसलेले शहरी घर आता विरळाच. कोल्हापूर-सांगलीकडे या प्रकाराला 'पुंगळी काढणे' असा नेमका शब्द आहे. सायलेन्सरच्या पोटातली आवाज अडवणारी नळी, म्हणजे पुंगळी, काढून टाकली की गाडी मोकळ्या गळ्याने ओरडू लागते. पुण्या-मुंबईत त्यालाच 'सायलेन्सर मॉडिफाय केला' असे भारदस्त नाव आहे, इतकेच.

दिवाळीचा बोनस हातात आला की हा विषय पुष्कळ घरांत निघतो. चिरंजीव म्हणतात, "बाबा, नवा सायलेन्सर टाकायचाय. पिकअप वाढतो." बाबा विचारतात, "अरे, गाडीबरोबर आलेला चांगला असताना दुसरा कशाला?" आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, "शेजारच्या आजींचे नुकते ऑपरेशन झाले आहे, त्यांचे काय?" पैसे खर्चण्यापूर्वी या तिघांनीही एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणून आजचे हे पान. बाजारात मिळणाऱ्या या नळकांड्यांनी आवाज वाढतो तो कशाने? नव्या सायलेन्सरात आवाज करणारे काही यंत्र बसवलेले असते काय?

तसे काही नसते. आवाज मुळात इंजिनाचाच असतो. कंपनीचा सायलेन्सर तो गिळून टाकतो, आणि बाहेरून आणलेला गिळत नाही. म्हणजे आपण पैसे मोजतो ते कमी काम करणाऱ्या नोकराला. पण हे नुसते म्हणून भागणार नाही. आत काय घडते ते पाहू.

स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांपुढे आणा. आत वाफ कोंडलेली आहे. शिट्टी हळूच जराशी उचलली तर वाफ सूं करीत निघून जाते. तीच एकदम काढली तर केवढा आवाज होतो! वाफ तितकीच, फरक पडला तो ती किती झटक्यात सुटली याचा. इंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते, दट्ट्या, म्हणजे ज्याला मेकॅनिक पिस्टन म्हणतो तो, खाली ढकलला जातो, आणि तो तळाशी पोचण्याच्या थोडे आधीच धूर बाहेर जाण्याची झडप उघडते. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही अधिक असतो, आणि वायू शेकडो अंश तापलेला असतो. तो नळीत धडकतो. पुढच्या हवेला धक्का बसतो, तो धक्का नळीतून धावत मागच्या तोंडाशी येतो आणि बाहेर पडतो. तोच आपला 'फट्'. चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन चक्रांमागे असा एक धक्का. इंजिन मिनिटाला तीन हजार चक्रे फिरत असेल तर एका सिलिंडराचे सेकंदाला पंचवीस फटके होतात.

सायलेन्सर नसेल तर हे फटके जसेच्या तसे कानावर येतील. म्हणून वाटेत डबा घातला. या डब्याच्या जन्मकथेत एक गंमत आहे. मशिनगन शोधून काढणाऱ्या हायरम मॅक्सिमचे नाव आपण ऐकले असेल. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने अमेरिकेत १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले, आणि त्याच विद्येवर त्याच्या कंपनीने इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. बापाने जगाला कडकडाट दिला आणि मुलाने तो दाबण्याचा उद्योग काढला! मोटारींना आवाज दाबणारे डबे त्याच्या आधीही होते, पण बंदूक आणि फटफटी यांचे दुखणे एकच, हे यावरून ध्यानात येते. कोंडलेला वायू एकदम सुटतो, हेच ते दुखणे.

आता डब्याच्या पोटात शिरू. तिथे दोन तऱ्हांनी आवाज मारला जातो. पहिली तऱ्हा खोल्यांची. अरुंद नळीतून आलेला वायू एकदम मोठ्या कप्प्यात शिरतो. लग्नघरातली गर्दी बोळातून रेटारेटी करीत येते आणि अंगणात पोचल्यावर पांगते, तसा दाब पांगतो. मग एका पडद्यातल्या नळीतून दुसऱ्या कप्प्यात, तिथून उलट फिरून तिसऱ्यात. प्रत्येक भिंतीवर आदळून आवाजाच्या काही लाटा परत फिरतात, आणि कप्प्यांची मापे हिशेबाने ठेवलेली असतील तर परतणारी लाट येणाऱ्या लाटेला नेमकी उलटी भेटते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की दोन्ही सपाट. आवाजाने आवाज मारायचा, असे हे काट्याने काटा काढणे आहे. खोल, घुमणारे आवाज अशाने आवरतात. मात्र त्यांच्या लाटा लांब असतात, म्हणून डबाही मोठा लागतो. कंपनीचा सायलेन्सर बोजड दिसतो, 'पोरीच्या बापासारखा' दिसतो असे मुले म्हणतात, त्याचे कारण हे आहे. त्याच्या पोटात खोल्या आहेत.

दुसरी तऱ्हा गादीची. मधून सरळ नळी जाते, तिला चाळणीसारखी भोके पाडलेली असतात आणि तिच्याभोवती काचेची किंवा पोलादाची लोकर ठासलेली असते. भोकांतून आवाज लोकरीत शिरतो, धाग्याधाग्यांशी घासून त्याची उष्णता होते, आणि तो विरतो. गाद्या-उशांनी भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, रिकाम्या खोलीत घुमतो, तेच हे. मात्र ही लोकर कर्कश, बारीक आवाजच चांगला खाते. खोल आवाज तिला फारसा जुमानत नाही.

बाजारातले बहुतेक सायलेन्सर या दुसऱ्या जातीचे असतात, आणि कित्येक तर कोणत्याच जातीचे नसतात. बुलेटच्या दुकानात नावे मोठी मजेदार ऐकू येतात: इंदोरी, पंजाबी, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन, गोल्डस्टार. यांतले शेवटचे नाव बी. एस. ए. कंपनीच्या गोल्ड स्टार या जुन्या इंग्रजी शर्यतीच्या गाडीवरून आलेले. दिसायला प्रत्येकाचा थाट वेगळा. पण ग्राहकाने विचारायचे प्रश्न चारच. आत पोकळी किती? पडदे आहेत का? लोकर किती जाड आहे? आणि मागचे तोंड केवढे आहे? डबा लहान झाला की आवाज वाढतो. पडदे काढून सरळ नळी टाकली की वाढतो. मागचे तोंड रुंद केले की वाढतो. आणि मेगाफोनचे तर नावच बोलके आहे. हळूहळू रुंदावणारी नळी म्हणजे कर्णा. आवाज हवेत अधिक सहज मिसळावा म्हणूनच तमाशाच्या फडातला आणि निवडणुकीच्या टांग्यावरचा कर्णा त्या आकाराचा असे.

लोकरीची एक गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही. ती टिकत नाही. गरम वायूचा मारा, पाणी, तेलाचा अंश यांनी ती जळते, चिकटते, थोडी थोडी मागून उडूनही जाते. म्हणून दुकानात "आवाज बेताचाच आहे" म्हणून घेतलेला सायलेन्सर काही महिन्यांनी आपोआप मोठ्याने बोलू लागतो, आणि मालकाला ते कळतही नाही, कारण तो रोज ऐकत असतो. चांगल्या बनावटीच्या सायलेन्सरात लोकर बदलण्याची सोय असते. सरसकट झाळून बंद केलेल्या स्वस्त डब्यात नसते.

आणखी एक छोटी वस्तू आहे: मागच्या तोंडात स्क्रूने बसवलेली बारीक नळी. तिला दुकानात 'डी. बी. किलर' म्हणतात. ही असली की तोंड अरुंद राहते आणि आवाज ताळ्यावर येतो. काढली की मोकाट. आपल्या पुंगळीचीच ही सुधारलेली बहीण. परदेशी सायलेन्सरांवर मंजुरीचा शिक्का असतो तो ही नळी जागेवर असताना. एक स्क्रू काढला की शिक्क्याचा अर्थ संपतो. पत्र्याचाही हिशेब आहे. जाड किंवा दुहेरी पत्रा गप्प राहतो. पातळ पत्रा स्वतःच थरथरून पितळेच्या ताटासारखा वाजतो.

आता बुलेटविषयी थोडे, कारण हिच्या आवाजावर जीव टाकणारे लोक आमच्या ओळखीतच आहेत आणि त्यांना वेड्यात काढण्याची आमची इच्छा नाही. इंग्लंडातल्या रेडिच गावची ही गाडी १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली. जुन्या साडेतीनशेचे इंजिन मोठे मजेचे: सिलिंडराची रुंदी ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. एकच मोठा सिलिंडर, लांब धाव, आणि वजनदार फ्लायव्हील, त्यामुळे ती उभी असताना सावकाश चालली तरी बंद पडत नाही. मिनिटाला हजार चक्रे धरली तर फटके पाचशे, म्हणजे सेकंदाला आठ-नऊ. इतके सुटे फटके कान वेगवेगळे मोजू शकतो. तेच चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला बाराशे चक्रांवर सेकंदाला चाळीस फटके देते. ते एकात एक मिसळून नुसता गुंजारव होतो. बुलेटचा 'धक् धक्' हा ठेका असा गणितातून आलेला आहे. आपल्या हृदयाच्या ठोक्यासारखा तो मनाला भिडतो असे तिचे भक्त म्हणतात. असेलही. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने तर आपल्या गाडीच्या आवाजाचीच व्यापारी चिन्ह म्हणून नोंदणी व्हावी असा अर्ज १९९४ साली केला होता. पुढे २००० साली तो मागे घेतला. आवाजालाही मालक असू शकतो असे कोणाला तरी गंभीरपणे वाटले, हे विशेष.

पण हा ठेका कंपनीच्या सायलेन्सरातूनही ऐकू येतो. ठेका ठरतो सिलिंडर आणि चक्रे यांवर. सायलेन्सर बदलून ठेका बदलत नाही, त्याची पट्टी आणि जोर तेवढा बदलतो. तबला तोच, तो कानाशी आणून वाजवला, इतकेच.

जोर किती वाढतो हे मोजतात डेसिबलमध्ये, आणि इथे भल्याभल्यांचा हिशेब चुकतो. डेसिबलचे माप किराण्याच्या तराजूचे नाही. ८० डेसिबलवरून ९० वर गेले तर "आठवा हिस्सा वाढला" असे वाटते. प्रत्यक्षात आवाजाची शक्ती दहापट झालेली असते. १०० वर गेले तर शंभरपट. कान दयाळू असल्यामुळे त्याला दहा डेसिबलची वाढ साधारण दुपटीसारखी वाटते, पण हिशेब दहापटीचाच. आपल्या कायद्याने १७५ सी. सी.हून मोठ्या मोटारसायकलला साडेसात मीटरवरून जाताना ८० डेसिबलची मर्यादा घातली आहे; ८० ते १७५ सी. सी.ला ७७, आणि त्याहून लहान गाडीला ७५. आता एखाद्याने पुंगळी काढून आपली गाडी शंभरावर नेली, तर काय झाले? नियमात बसणाऱ्या शंभर बुलेट एकाच वेळी, एकाच गल्लीतून, एकाच खिडकीखालून गेल्या तर जेवढा आवाज होईल तेवढा त्या एकट्याने केला. चिरंजीवांना हे गणित जरूर घालावे. पोर हुशार असेल तर एक-दोन दिवस तरी गप्प राहील.

शिवाय गल्ली म्हणजे मोकळे माळरान नव्हे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. दोन्ही बाजूंना चार-चार मजली इमारती असल्या की आवाजाला पळायला जागा राहत नाही. भिंतीभिंतींवर आपटत तो वर चढतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पाळण्यापर्यंत पोचतो. त्यात खोल आवाजाची खोड अशी की तो भिंतीतून आणि बंद खिडकीतून बारीक आवाजापेक्षा सहज आत येतो. मापाचे यंत्र मात्र माणसाच्या कानाप्रमाणे लावलेले असते, आणि कानाला खोल सूर कमी ऐकू येतात, म्हणून यंत्रही त्यांना कमी गुण देते. यंत्रावर आकडा फारसा दिसत नसताना कपाटातली भांडी वाजतात, ती यामुळे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांत आहे, दिवसा ५५. रात्री सारे शांत असताना एक गाडी त्यावर तीस-चाळीस डेसिबलने उसळते. झोप मोडते ती या उसळीने. पंख्याची घरघर रात्रभर चालली तरी माणूस निजतो. एका किंकाळीने उठून बसतो. आजारी माणसाला पुन्हा झोप लागायला तास जातो, आणि तोवर ती गाडी दुसऱ्या पेठेत पोचलेली असते. ज्याने आवाज केला त्याला त्याचा परिणाम कधीच दिसत नाही, ही या प्रकरणातली खरी अडचण आहे.

"पण पिकअप?" हा प्रश्न उरलाच. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. शर्यतीच्या गाडीत, जिथे इंजिन सतत चढ्या चक्रांवर चालते आणि नळीची लांबी, कार्ब्युरेटर किंवा इंधनाचे संगणकी नियंत्रण, सारे एकमेकांशी जुळवलेले असते, तिथे मोकळ्या नळीने थोडी ताकद वाढते. ती जुळणी हेच तिथले रहस्य. नळीच्या तोंडाशी पोचलेला दाबाचा धक्का परत फिरतो तो ओढ होऊन, आणि ती ओढ झडप उघडी असतानाच सिलिंडराशी पोचली तर उरलेला धूर बाहेर खेचते. वेळ चुकली तर उपयोग नाही. कंपनीने ही वेळ रोजच्या वापरातल्या चक्रांना धरून बसवलेली असते. दुकानातला डबा बसवणारा मेकॅनिक ती कशाने मोजणार? वायूचा अडथळा कमी झाला की जुन्या गाडीत मिश्रणातली हवा वाढून पेट्रोलचे प्रमाण उतरते, इंजिन अधिक तापते, आणि बहुधा खालच्या चक्रांवर, म्हणजे चौकात सिग्नल सुटल्यावर जिथे ओढ हवी नेमकी तिथेच, गाडी नरम पडते. मग पिकअप वाढल्यासारखा वाटतो का? कारण कान मनाला सांगतो की आपण जोरात निघालो. ओरडून बोलणाऱ्याचे म्हणणे खरे वाटते, त्यातला प्रकार. सिग्नलपासून पुढच्या चौकापर्यंत घड्याळ लावून पाहावे, दोन्ही सायलेन्सरांनी. वादापेक्षा घड्याळ बरे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी. एस. सहा नियमांच्या गाड्यांत तर आणखी एक भानगड आहे. त्यांच्या नळीच्या वाटेत विषारी धूर निवळणारा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भाग असतो आणि प्राणवायू मोजणारा एक सेन्सरही. तो पोळ्याचा भाग थोडा आवाजही खातो. आवाजासाठी तो काढणारे महाभाग आहेत; म्हणजे शेजाऱ्याच्या कानाबरोबर नाकाचीही सोय झाली.

दुसरा युक्तिवाद ऐकू येतो तो सुरक्षिततेचा. मोठा आवाज असला की मोटारवाल्यांना आपण आलो हे कळते, असे म्हणतात. यात थोडे तथ्य असेलही, पण नळीचे तोंड मागे आहे. धोका बहुतेक वेळा पुढे असतो, समोरून वळणाऱ्या गाडीचा. आणि तिच्या काचा बंद, आत गाणी चालू. पुढच्याला सूचना देण्यासाठी हॉर्न पुढे तोंड करून बसवलेला आहे, तो काय शोभेसाठी? त्याचाही अतिरेक आपण करतोच. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

दिवाळीच्या अंकात फटाक्यांना जागा नाही असे कसे होईल? तेव्हा गाडीच्या फटाक्यांविषयी. चालत्या बुलेटमधून बंदुकीच्या बारासारखा आवाज काढणे ही एक कला समजली जाते. तिचे गुपित साधे आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चालता चालता चावी बंद केली की ठिणगी थांबते, पण दट्ट्या पेट्रोल ओढतच राहतो. न जळलेले मिश्रण तापलेल्या नळीत साठते. चावी पुन्हा लावली की ते नळीतच पेटते. म्हणजे फटाका सिलिंडरात फुटायचा तो सायलेन्सरात फुटला. यात पेट्रोल जाते, डब्याचे सांधे उकलतात, झडपेलाही ताप होतो. नव्या गाड्यांत चावीबरोबर पेट्रोलही बंद होते, म्हणून तिथे संगणकी नियंत्रणात ढवळाढवळ करून हा बार काढतात. खऱ्या फटाक्याला निदान कायद्याने हद्द आहे: फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाजाचा फटाका बनवायला, विकायला, वापरायला १९९९ पासून मनाई आहे. आणि तो वर्षातून चार दिवस वाजतो. ही दिवाळी बारमाही.

कायद्याचे म्हणाल तर तो सायलेन्सरलाही आहे. मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा असे सांगतो. कायद्याच्या १९० व्या कलमाप्रमाणे आवाजाचे मानक मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि तीन महिने लायसन्स जाते ते निराळे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवलेला आपण छायाचित्रांत पाहिला असेल. पाहायला ते दृश्य झकास असते; पण आमच्या मते त्याने फारसे साधत नाही. ज्या दुकानातून तो डबा विकला गेला तिथे दुसऱ्या दिवशी तसाच डबा टांगलेला असतो.

भांडण मात्र नवे नाही. इंग्लंडात वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. मुद्दाम मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला जगातला पहिलाच. आसपासच्या रहिवाशांना आवाज असह्य झाला, १९२० च्या दशकात प्रकरण कोर्टात गेले, आणि त्यातून ठरले की प्रत्येक गाडीने मोठा सायलेन्सर लावलाच पाहिजे. हा डबा पुढे 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणून प्रसिद्ध झाला. मागे माशाच्या शेपटीसारखी चपटी नळी. शर्यती बंद पडल्या नाहीत. ते डबे लावून त्यांनी पुढेही वेगाचे विक्रम केले, आणि शेजाऱ्यांना थोडी उसंत मिळाली. माशाची ती शेपटी आज पुष्कळ हौशी लोक जुन्या घाटाचा दागिना म्हणून बुलेटला लावतात. ती आवाजाच्या तक्रारीतून घडली, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

शेवटी खुद्द चालवणाऱ्याच्या कानांविषयी, कारण चिरंजीव शेजारच्या आजींसाठी ऐकणार नसतील तर निदान स्वतःसाठी ऐकतील. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने घातलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलमध्ये दिवसाचे आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला पंधरा मिनिटे. घर ते कॉलेज याहून अधिक वेळ लागतो. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या नाजूक केसाळ पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक सूर. भाषेतला 'स' आणि 'श' त्यांतच राहतो. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण बोलणे कळत नाही. आपल्याकडे तसे पुष्कळ आजोबा आहेत, पण ते सत्तरीचे आहेत.

हौस असणाऱ्याने काय करावे? गाडीच्याच कंपनीचा, मंजुरीचा शिक्का असलेला सायलेन्सर मिळत असेल तर तो घ्यावा. थाट मिळतो आणि पडदेही शाबूत राहतात. आतली नळी काढू नये. लोकरीचा असेल तर वर्षातून एकदा ती पाहून घ्यावी. गल्लीत शिरताना गिअर एक वर टाकून मूठ हळू पिळावी. तीच गाडी, त्याच सायलेन्सराने, चढ्या चक्रांवर भर मुठीने जाते आणि उतरत्या चक्रांवर हळू जाते, यांतला फरक कानाला चांगला जाणवतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ज्यांच्याकडे नवा डबा आधीच बसला आहे त्यांनी गाडीबरोबर आलेला जुना भंगारवाल्याला देऊ नये. गाडी विकताना, पोलिसांनी अडवल्यावर किंवा लोकर उडून गेल्यावर तोच उपयोगी पडतो, आणि नवा आणायला गेले तर स्वस्त नसतो. माळ्यावर ठेवण्यापूर्वी तो उन्हात चांगला वाळवावा, बाहेरून तेलाचा हात फिरवावा, आणि झुरळे-उंदीर शिरू नयेत म्हणून दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबाव्यात. पुन्हा बसवताना त्या तेवढ्या आठवणीने काढाव्यात.